टेक्सासचा गुराखी आणि मुलांचे हस्तकौशल्य

जुनी वर्तमानपत्रे, भोक पडलेले मोजे आणि रिकाम्या पुठ्ठ्याच्या पेट्या यांचे काय करावे, असे कोणी आम्हांस वर्षापूर्वी विचारले असते, तर 'रद्दीवाल्यास द्यावे' याहून निराळे उत्तर आम्हांस सुचले नसते. एवढ्याच सामग्रीतून मुलांस एका परक्या देशाचा इतिहास हाताने शिकविता येतो, हे आम्हांस उतारवयात कळले. ते कसे कळले, ती हकिकत वाचकांस सांगावी असे मनात आहे; कारण आज अनेक कुटुंबांतील एखादी तरी पाती अमेरिकेत आहे, आणि तेथील नातवंडांच्या खेळात आजोबा-आजींनी भाग घ्यावा की दुरून नाके मुरडावीत, हा प्रश्न घरोघरी पडत असतो.

गेल्या माघ-फाल्गुनात आम्ही उभयता चिरंजीवांकडे टेक्सास संस्थानातील ह्यूस्टन शहरी होतो. त्या शहरी १९३२ सालापासून गुराढोरांचे मोठे प्रदर्शन होत आले आहे; घोडेस्वारांच्या खेळांची जोड त्यास पुढे मिळाली. हल्ली हा उत्सव फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चारंभी सुरू होऊन सुमारे तीन आठवडे चालतो. त्याच्या आधीच्या एका शुक्रवारी शाळांतील मुले, मास्तर, इतकेच काय, कचेऱ्यांतील मंडळीही गुराख्याचा वेष करून कामावर जातात. त्या दिवसास तेथे 'गो टेक्सन डे' असे नाव आहे. मुलगे काउबॉय होतात, मुली काउगर्ल होतात.

त्या शुक्रवारास आठ दिवस उरले असता आमची आठ वर्षांची नात शाळेतून आली ती दप्तर टाकून कोपऱ्यात बसली. सूनबाईंनी वेषाचा विषय काढताच ती म्हणाली, "मला काउगर्ल व्हायचंच नाही." पुष्कळ विचारल्यावर खरे कारण बाहेर आले. वर्गातील एका मुलाने तिला सांगितले होते की, तू इंडियन. तेव्हा तू पळायचे आणि आम्ही काउबॉयांनी तुला दोरीने पकडायचे!

हे ऐकून आमच्यातील शाळामास्तर जागा झाला. कोलंबस हिंदुस्थानच्या शोधात निघाला, भलत्याच खंडास लागला आणि तेथील मूळ रहिवाशांस त्याने 'इंडियन' हे नाव चुकीने दिले, हा पाठ आम्ही नकाशासह अर्धा तास दिला. पोरीने सर्व निमूटपणे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "पण आजोबा, मग मला काउगर्ल होता येतं की नाही, ते सांगा ना!" पस्तीस वर्षे वर्गापुढे उभे राहूनही या साध्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. खरे सांगावयाचे तर 'हे थेर आपले नव्हेत' असेच आमच्या मनात होते. परंतु तसे म्हणणे म्हणजे त्या मुलाचेच म्हणणे निराळ्या शब्दांत तिला ऐकविणे झाले असते. दुसऱ्या दिवशी सूनबाईंबरोबर आम्ही तेथील सार्वजनिक ग्रंथालयात गेलो. पुढील हकिकत त्या वाचनाची व त्यानंतर स्वयंपाकघरातील मेजावर झालेल्या उद्योगाची आहे.

'काउबॉय' म्हणजे काय? शब्दशः 'गाईचा पोर', म्हणजे गुराखी. इंग्रजीतील 'काऊ' आणि संस्कृतातील 'गो' हे एकाच प्राचीन मूळ शब्दापासून निघालेले आहेत, हे भाषाशास्त्रज्ञांस मान्य आहे. तेव्हा गोप आणि काउबॉय यांचे नाते नुसते अर्थाचे नाही, शब्दाचेही आहे. युरोपीय लोक जाण्यापूर्वी अमेरिकेत अशी गुरे नव्हती आणि त्या काळी घोडेही नव्हते. १४९३ साली कोलंबसाने आपल्या दुसऱ्या सफरीत दोन्ही जनावरे वेस्ट इंडीज बेटांत उतरविली. सोळाव्या शतकात ती स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत गेली. घोड्यावर बसून मोकळ्या माळावरील गुरे राखणाऱ्या मेक्सिकन गुराख्यास 'वाकेरो' म्हणत; स्पॅनिश भाषेत 'वाका' म्हणजे गाय. टेक्सासचा काउबॉय हा या वाकेरोचा शिष्य होय. त्याच्या दोरीची 'लॅसो' व 'लॅरिअट' ही नावे, मांड्यांवरील चामडी आवरणाचे 'चॅप्स' हे नाव आणि खेळांचे 'रोडिओ' हे नाव, ही सर्व स्पॅनिश भाषेतून आलेली आहेत. दक्षिण टेक्सासात १८५३ साली किंग नावाच्या गृहस्थाने जे प्रसिद्ध गुरांचे कुरण वसविले, तेथे कामास त्याने मेक्सिकोतील दुष्काळाने गांजलेल्या एका खेड्यातील कुटुंबेच्या कुटुंबे आणिली होती.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले तेव्हा टेक्सासच्या माळांवर लाखो गुरे मोकळी चरत होती. तेथे चार डॉलरांस मिळणारे जनावर उत्तरेकडे चाळीस डॉलरांपर्यंत विकले जाई, पण तिकडे नेण्यास जवळ आगगाडी नव्हती. म्हणून कळप पायी हाकीत कॅन्सस संस्थानातील ॲबिलीन येथील रेल्वे ठाण्यापर्यंत न्यावयाचे, हा धंदा १८६७ सालापासून भरभराटीस आला. दोन-अडीच हजार गुरे, दहाबारा माणसे, दिवसास दहापंधरा मैल, असा तो दोन-तीन महिन्यांचा प्रवास असे. रात्री आळीपाळीने पहारा. कळप बिथरू नये म्हणून पहारेकरी संथ सुरात गात फिरत. पगार महिना तीस-चाळीस डॉलर. पुढे १८७४ साली पेटंट झालेली काटेरी तार, आगगाड्यांचा विस्तार आणि १८८६-८७ चा भयंकर हिवाळा यांनी तो काळ आटोपला. ज्याचे जगभर एवढे कौतुक, तो काळ पुरता पंचवीस वर्षांचाही नाही!

"पण आजोबा, ती गुरं तिकडे नेऊन काय करीत?" असे नातीने विचारले. ती मांसासाठी नेली जात, ही गोष्ट आम्ही लपविली नाही. आपल्या घरच्या संस्कारांस ती रुचणारी नाही. परंतु मुलांस अर्धी हकिकत सांगण्यापेक्षा पुरती सांगावी आणि आपले मत आपल्यापाशी ठेवावे, असा आमचा शिरस्ता आहे. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मी आपली राखणारी होईन." आम्ही म्हटले, ठीक.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. गुराख्याच्या अंगावरील एकही वस्तू मुळात शोभेची नाही. ती कोणत्या कामासाठी होती हे मुलास आधी सांगावे आणि मग वस्तू करावयास बसवावे, एवढा एकच नियम आम्ही पाळला.

टोपी. रुंद काठाची टोपी ऊन-पावसासाठी. फिलाडेल्फियाच्या जॉन स्टेटसन याने १८६५ च्या सुमारास जी टोपी विकावयास काढली, तिच्यापासून हा घाट रूढ झाला. मुलाच्या डोक्यास बसेल असे एक वाडगे उपडे घालून त्यावर तेलाचा हात फिरवावा. वर्तमानपत्राच्या दोन बोटे रुंद पट्ट्या कणकेच्या पातळ खळीत बुडवून चारपाच थर द्यावेत. लगदा अर्धवट वाळला की माथ्यावर मधोमध अंगठ्याने खाच पाडावी. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचा अंडाकृती काठ चार बोटे रुंद कापून त्यात हे शिर बसवावे, सांध्यावर पुन्हा पट्ट्या चिकटवाव्यात आणि तपकिरी रंग द्यावा. काठ दोन्ही बाजूंनी वर वळवून रात्रभर दोन पुस्तकांच्या आधाराने ठेविला म्हणजे तसाच राहतो. आमची पहिली टोपी वाडग्यास चिकटून बसली. तेलाची सूचना त्या अनुभवातून आली आहे.

रुमाल. कळपाच्या शेपटाकडे चालणाऱ्या गुराख्यास सर्वांत अधिक धूळ खावी लागे. तो गळ्यातील रुमाल नाकातोंडावर ओढून घेई. या रुमालाचे इंग्रजी नाव 'बँडॅना'. ते आपल्या 'बांधणी'पासून, म्हणजे संस्कृत 'बन्ध्' धातूपासून आलेले आहे, हे कोशात पाहून आम्हांस जो आनंद झाला तो काय वर्णावा! अठराव्या शतकात हिंदुस्थानातील बांधणीचे ठिपकेदार रेशमी रुमाल कंपनीच्या गलबतांतून विलायतेस जात. तेथे त्यांच्या छापील नकला झाल्या, आणि ते नाव पुढे अमेरिकेतील गुराख्याच्या गळ्यात जाऊन पडले. त्याचप्रमाणे कष्टकऱ्यांच्या जाड्याभरड्या 'डंगरी' कापडाचे नाव आपल्या मुंबईतील डोंगरीवरून पडले, असे कोश सांगतात. नात हे ऐकून एकदम ताठ बसली. "म्हणजे तो माझ्या आजोबांच्या भाषेतला रुमाल घालतो?" असे तिने विचारले. आम्ही हो म्हटले.

रुमालासाठी पांढऱ्या सुती कापडाचा हातभर चौरस तुकडा धुऊन त्यातील खळ काढावी. मुगाचे किंवा हरभऱ्याचे दाणे कापडात ठेवून खालून दोऱ्याने घट्ट बांधावेत. जितका दोरा घट्ट, तितका ठिपका स्वच्छ. मग रंगाच्या पाण्यात बुडवून, सावलीत पुरते वाळवून, त्यानंतरच दोरे सोडावेत. मुले ओल्या कापडाचेच दोरे सोडू पाहतात; तेवढे थांबविण्यात आजोबांचा उपयोग आहे. आम्ही प्रथम हळद घेतली. रंग सुरेख उतरला, पण तो सूनबाईंच्या पांढऱ्या ओट्यावरही उतरला. शिवाय हळद उन्हात विटते. म्हणून दुसऱ्या खेपेस बाजारातील तांबडा कापडरंग घेतला.

फास. गुराख्याची दोरी सुमारे तीस फुटांची; बिथरलेले वासरू, चिखलात रुतलेली गाय तिच्या योगे ओढून आणीत. या एका वस्तूविषयी आम्ही वाचकांस कळकळीने सावध करतो. आम्ही हौसेने सरकगाठीचा फास करून दिला, आणि पाच वर्षांच्या नातवाने पाठ वळताच तो बहिणीच्या गळ्यात टाकून ओढला. आमच्या घरच्या मंडळींनी धावत जाऊन तो सोडविला. इजा झाली नाही. परंतु पोरीच्या मानेवरील तांबडा वळ दिवसभर आमच्या डोळ्यांसमोरून हलेना. शाळेत जे खेळावयाचे नाही म्हणून ती रडत आली होती, तेच आमच्या हातच्या दोरीने घरात घडले. त्यानंतर सरकगाठ आमच्या घरात बंद झाली. मऊ, जाड सुती दोरीचे, घागरीखालच्या चुंबळीसारखे पक्के बांधलेले कडे करावे. ते आवळत नाही. पुठ्ठ्याचे शिंगे असलेले गाईचे तोंड एका उपड्या स्टुलास बांधावे आणि पाच पावलांवरून कडे शिंगात टाकावे. टेक्सासची मुलेही अशाच खोट्या जनावरावर दोरी टाकावयास शिकतात. माणसावर व जिवंत जनावरावर दोरी टाकावयाची नाही, हा नियम खेळाच्या आरंभी मुलांकडून वदवून घ्यावा.

डाग. मोकळ्या माळावर कोणाची गाय कोणती, हे ओळखण्यास तापल्या लोखंडाचा डाग देत. प्रत्येक मालकाची खूण सरकारदप्तरी नोंदलेली असे. या खुणांची एक लिपीच आहे. ती डावीकडून उजवीकडे व वरून खाली वाचावयाची. अक्षर आडवे पडले तर ते 'आळशी', खाली कमान असली तर 'डुलणारे', पंख असले तर 'उडते'. वर सांगितलेल्या किंगच्या कुरणाची खूण 'धावता डब्ल्यू' अशी आहे. हे समजताच दोन्ही मुलांनी कागदांचा सडा पाडिला. अर्धा बटाटा कापून त्यावर अक्षर कोरावे, भोवतालचा भाग सुरीने मोठ्या माणसाने उतरवावा आणि रंगात बुडवून ठसा उठवावा. अक्षर उलटे कोरावे लागते, हे मुलांस आधी सांगू नये; पहिला ठसा उलटा उमटला म्हणजे जे शिक्षण होते ते सांगून होत नाही. नातीने 'गाईचा ग' घेतला, तो आडवा पाडिला आणि खाली कमान काढिली. तिच्या म्हणण्याप्रमाणे तो 'आळशी डुलणारा ग' होय.

या डागांच्या प्रकरणातच आम्हांस आमच्या व्यवसायातील एक बाई भेटली. एलिझाबेथ, अर्थात लिझी, जॉन्सन ही टेक्सासातील शाळामास्तरीण. गुरांच्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिता लिहिता त्या धंद्यातील मख्खी तिच्या ध्यानात आली. तिने शिल्लक टाकून गुरे घेतली आणि १८७१ साली स्वतःच्या नावे डाग नोंदविला. १८७९ साली विवाह करतानाही आपली मालमत्ता आपल्याकडेच राहील असा लेखी करार तिने नवऱ्याकडून करून घेतला. पुढे आपला कळप घेऊन ती उत्तरेच्या वाटेने गेली. अशा स्त्रियांच्या स्मरणार्थ टेक्सासात फोर्ट वर्थ येथे एक स्वतंत्र संग्रहालयच आहे. 'काउगर्ल' म्हणजे नुसता झालरीचा झगा नव्हे, हे नातीस यावरून पटले. आमच्या घरच्या मंडळींस तर तो लेखी करार इतका आवडला की, त्याचा उल्लेख त्या आठवड्यात तीन वेळा झाला.

राहिली ती बंदूक. दुकानात मिळणाऱ्या तयार वेषात टोपीबरोबर खोटे पिस्तूल असतेच, आणि नातवाचा हट्टही त्यासाठीच होता. आम्ही त्यास सांगितले की ॲबिलीन, डॉज सिटी अशा गुरांच्या बाजारगावांत हत्यार घेऊन हिंडण्यास बंदी होती. मग लढाया आल्या कोठून? पुष्कळशा तमाशातून. बफेलो बिल या नावाने प्रसिद्ध असलेल्या कोडी नामक गृहस्थाने १८८३ साली एक फिरता खेळ काढिला. त्यात काउबॉय व मूळ रहिवासी यांच्या खोट्या लढाया तिकिटे लावून दाखवीत. पुढे तीच दृश्ये चित्रपटांनी उचलली. प्रत्यक्षात त्या लोकांच्या मुलुखातून कळप नेताना गुरांचे मालक त्यांस डोईप्रमाणे जकात देत, कधी पैशात तर कधी एखादे जनावर देऊन. त्या लोकांच्या भूमी हिरावल्या गेल्या, हे दुःखद सत्य आहेच, आणि तेही आम्ही मुलांस सांगितले. पण ते काम मुख्यतः सरकारी सैन्याचे होते, गुराख्याच्या दोरीचे नव्हे.

शिवाय, काउबॉय म्हणजे गोराच, हीदेखील तमाशाचीच समजूत. इतिहासकारांच्या अंदाजाने त्या वाटेवरील चार गुराख्यांतील एक तरी कृष्णवर्णीय होता. त्यांतील कित्येक नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले. मेक्सिकन तर गुरूच. आणि दोरीच्या खेळात ज्याची बरोबरी क्वचितच कोणी केली असेल, तो विल रॉजर्स (१८७९–१९३५) हा चेरोकी वंशातला, म्हणजे त्या मुलाच्या भाषेत 'इंडियन'! हे वाक्य संपण्यापूर्वीच नात उठली आणि टोपी घालून आरशासमोर उभी राहिली. आठ दिवसांपूर्वीच्या तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अखेर सापडले होते.

शुक्रवारी ती लगद्याची टोपी, बांधणीचा तांबडा रुमाल आणि किराणामालाच्या कागदी पिशवीचे, चुरगाळून चामड्यासारखे केलेले जाकीट घालून शाळेत गेली. जाकिटाच्या पाठीवर 'आळशी डुलणारा ग' होता. नातू घरीच, जुन्या मोज्यात चिंध्या भरून काठीवर बसविलेल्या घोड्यावरून दिवाणखान्यात फेऱ्या मारीत होता. आम्ही घड्याळाकडे पाहात बसलो होतो. परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही एवढी धाकधूक आम्हांस कधी झाली नव्हती.

सायंकाळी ती आली ती बोलतच आली. पळण्या-पकडण्याचा खेळ मुलांनी मांडला होता. तिने 'मी दुसऱ्याला दोरी टाकीत नाही आणि मलाही टाकून घेत नाही' असे सांगून त्यात जाण्याचे नाकारले. मग त्याच मुलाने तिच्या पाठीवरील खूण कोणत्या भाषेतील, असे विचारले. तिने त्यास खूण वाचावयास शिकविली; रुमालाचे नाव कोठून आले तेही सांगितले. तो फार काही बोलला नाही. परंतु पुढल्या शनिवारी आपल्या आईबरोबर तो आमच्या दारी उभा राहिला. त्यास स्वतःच्या नावाचा डाग हवा होता. आम्ही चार बटाटे मेजावर ठेवले. पहिला ठसा त्याचाही उलटा उमटला, आणि नातीने त्यास तो उलटा का उमटला हे आमच्याच सुरात समजावून दिले.

वाचकहो, परक्या देशाचा खेळ म्हणून त्याच्याकडे पाठ फिरविणे सोपे आहे, आणि दुकानातून तयार वेष आणून देणे त्याहूनही सोपे. पहिल्याने मूल एकटे पडते आणि दुसऱ्याने त्याच्या हाती पिस्तूल येते. नातवंडांबरोबर दोन संध्याकाळी खळीत हात घालावे, आणि टोपीच्या घडीबरोबर ती टोपी घालून ज्यांनी ऊन सोसले त्यांची गोष्ट सांगावी. ज्या कामाची गोष्ट मुलास ठाऊक असते, त्या खेळातून त्यास कोणी सहसा हाकलून देऊ शकत नाही.

हल्ली आमच्या पुण्याच्या घरी, देवघराशेजारच्या खुंटीवर एक हळदीच्या रंगाचा रुमाल टांगलेला आहे. रंग पुष्कळ विटला आहे; ठिपके मात्र स्पष्ट आहेत. निघताना नातीने तो आमच्या पिशवीत घातला आणि म्हणाली, "आजोबा, पुढच्या वर्षी तुम्हीपण काउबॉय व्हायचं." आम्ही अद्याप होकार दिलेला नाही. टोपीचे माप मात्र घेऊन ठेविले आहे.